झालं की झालंच?

"कॅप्टन मॅडम, उडायच्या आधी तुम्ही कधी काही विसरलात का?"

हा प्रश्न विचारायची पैज समीना आणि हर्षला या माझ्या दोन महाडँबिस मैत्रिणींनी लावली होती. यात पैज कसली, असं तुम्हाला वाटेल. तर ऐका. एक म्हणजे, गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात 'हजर' हा शब्दसुद्धा कुजबुजत म्हणायचे. बाई मला निम्मे दिवस गैरहजर मांडायच्या. दुसरं म्हणजे, समोर अख्खी शाळा बसली होती. आणि तिसरं म्हणजे, स्टेजवरच्या कॅप्टन मॅडम माझी आई होत्या.

कॅप्टन वृंदा इंगवले, टिटवी एअर. टिटवीची विमानं तुम्ही पाहिली असतील. एकोणीस माणसांची, निम्मी बॅटरीवर आणि निम्मी इंधनावर चालणारी ती पिटुकली विमानं, जी कोल्हापुरातून कोकणात आणि मराठवाड्यात एसटीसारखी ये-जा करतात. अगदी एसटीसारखी! उतरायचं, माणसं खाली, माणसं वर, की निघालं.

त्या दिवशी आईने येताना एक डबी आणली होती. साबणाच्या वडीएवढी, वर एक हिरवा दिवा.

"हिचं नाव स्वरनाडी," आई म्हणाली. "पण आम्ही वैमानिक हिला सासू म्हणतो. कारण आम्ही कामाला लागलो की ही गप्प बसून नुसती ऐकत असते."

सगळी शाळा हसली. मग आईने सांगितलं. माणूस घाईत असला की ते त्याच्या बोलण्यात उतरतं. दोन शब्दांमधली फट बुजत जाते. वाक्याचं शेपूट गिळलं जातं. समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत उत्तर सुरू होतं. गळ्याचे स्नायू ताणले जाऊन आवाज केसभर चढतो. केसभरच, आपल्या कानाला पत्ता लागत नाही, पण सासूला लागतो. विमान निघण्याआधी दोन वैमानिक एकमेकांना विचारत एकेक गोष्ट तपासतात, तेव्हा ती कान देऊन असते. घाई झाली की लाल. आणि लाल झाली की विमान जागचं हलत नाही. सक्तीचा थांबा, हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं आणि मग तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

"आपण काय बोलतो ते तिला कळतं?" सरांनी विचारलं.

"एक शब्द कळत नाही. मुद्दामच शिकवलेले नाहीत. आमच्या संघटनेची अटच होती तशी. कॉकपिटमध्ये आम्ही साहेबांना काय म्हणतो ते कंपनीला कशाला हवंय?"

समीनाने पुढे जाऊन डबीसमोर 'कच्चा पापड पक्का पापड' भरधाव म्हटलं. डबी लालभडक! टाळ्या! आणि त्याच टाळ्यांत हर्षलाने मला मागून असं ढोसलं, की मी उभीच राहिले आणि विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण.

"नाही," ती म्हणाली. संथ, गोड, विमानतळावरच्या घोषणेसारखं. "तपासणी दोघांनी करायची असते. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो. विसरायला जागाच नसते."

डबी हिरवीगार.

"तुझी आई आहे का फ्रीज गं?" खाली बसल्यावर हर्षला कानात म्हणाली.

चेष्टेत म्हणाली, पण मला ते लागलं. कारण खरं होतं.

सासू आली तेव्हा पहिले काही महिने सगळेच वैमानिक लाल व्हायचे आणि विमानांना उशीर व्हायचा. मग कंपनीने नियम केला. महिन्यात तीनदा लाल झालं, की त्या कॅप्टनची खुर्ची सहा महिने गेली. ऑफिसात बसायचं, टेबलावर. आता तुम्हीच सांगा, माणसं काय करतील? घाई कमी करतील? वेळापत्रक तर तेच होतं! माणसांनी आवाज बदलला. एका गाण्याच्या बाईंकडे शिकवणी लावली. श्वास पोटातून घ्यायचा, शब्द चघळून सोडायचे, हात पळत असले तरी जीभ फिरायला निघाल्यासारखी चालली पाहिजे. या थंड आवाजात माझी आई टिटवीत पहिली आली. तिला तिकडे 'बर्फाची लादी' म्हणतात.

फक्त ती लादी घरीही यायला लागली. आधी मी काही उद्योग केला की आई "शरेऽऽ!" अशी हाक मारायची, की वरच्या मजल्यावरचे कुलकर्णीकाका गॅलरीत यायचे. आता गणितात काठावर पास झाले तरी तोच आवाज. "बरं. पुढच्या वेळी पाहू." ती रागावलीय की घाबरलीय की दमलीय, काही कळत नाही. बाबा म्हणतात, तुझ्या आईशी भांडण म्हणजे सीट बेल्ट बांधायची सूचना ऐकणं. बाबा कॉलेजात भूगोल शिकवतात आणि भांडणात नेहमी हरतात, तरी त्यांनाही जुनी आईच हवी होती.

एकच गोष्ट त्या बर्फात गोठली नव्हती. ती म्हणजे 'झालंच'.

मराठीतली ही गंमत मला त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा कळली. अंथरुणात लोळणारा माणूस फोनवर सांगतो, "निघालोच." बाथरूममधून आवाज येतो, "आलेच." आणि आमच्या घरी:

"आई, भाजी झाली?"

"झालीच."

म्हणजे भेंडी अजून देठासकट ताटात. व्याकरणात भूतकाळ आणि खरं पाहिलं तर भविष्यकाळ! एवढासा 'च', पण तो लागला की न झालेलं काम झाल्याच्या पंगतीत जाऊन बसतं. मी आणि बाबा पक्के तयार झालो होतो. आई 'झालं' म्हणाली तर हात धुवून पाटावर बसायचं. 'झालंच' म्हणाली तर आंघोळ करून यायचं.

मे महिन्यात एका शनिवारी आईने मला वाढदिवसाची भेट म्हणून फेरीला नेलं. कोल्हापूर ते देवसडा आणि परत. देवसडा म्हणजे समुद्राकडचा मोठा कातळ. वर सपाट, त्यावर आखूड धावपट्टी, आणि धावपट्टी संपते तिथे कातळही संपतो. खाली थेट खाडी. टिटवीच्या विमानात कॉकपिटला दार नसतं, पडदा असतो, आणि उड्डाण होईपर्यंत तो बाजूला बांधलेला असतो. मला पहिल्या रांगेतली जागा मिळाली होती. आईची मान, तिच्या शेजारी रोनाल्डदादाचं डोकं, मध्ये हिरवी सासू. सगळं दिसत होतं!

रोनाल्ड डाबरे हा आईचा नवा जोडीदार, वसईचा. बोलायला गोड आणि स्वभावाने घाबरट. त्याचा आवाज अजून थंड झाला नव्हता. त्याच्यामुळे त्या महिन्यात दोनदा लाल झालं होतं, आणि लाल कुणामुळेही होवो, ते मांडलं जातं कॅप्टनच्या नावावर. म्हणजे आणखी एक लाल, की आईची खुर्ची गेली. हे मला बाबांनी निघताना सांगितलं होतं. "तिला आज काही विचारू नकोस," असंही सांगितलं होतं.

देवसड्याला उतरल्या उतरल्या आईने माझ्या समोरच्या खुंटीवरून लाल फितीची दोन टोपणं काढली आणि खाली जाऊन विमानाच्या नाकाशी दोन्ही बाजूंना घातली. मीही मागोमाग गेले.

"हे कशाला?"

"ही नळी दिसते ना, बोटाएवढी? समोरची हवा हिच्यात घुसते. जेवढा वेग, तेवढा दाब. त्यावरून आम्हाला वेग कळतो."

"आणि टोपण?"

"कुंभारणीसाठी."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. पण कुंभारीण म्हणजे ती माशी, भिंतीला मातीची घरटी करणारी. देवसड्यावर त्यांचं राज्य आहे. चहा पिऊन होईतो त्या नळीत माती भरतात आणि नळी बुजवून टाकतात! म्हणून अर्ध्या तासाच्या थांब्यालाही टोपणं घालायची आणि निघताना आठवणीने काढून खुंटीला अडकवायची. टोपण राहिलं, तर विमान पळेल, पण वेगाचा काटा हलणार नाही. कोल्हापूरच्या लांब धावपट्टीवर ते लक्षात येऊन थांबता येईल. देवसड्यावर लक्षात येईपर्यंत कातळ संपलेला असेल.

मग सगळंच बिनसत गेलं. उन्हाने बॅटरी तापली आणि चार्जिंग कासवाच्या गतीने व्हायला लागलं. समुद्राकडून काळा ढग सरकत यायला लागला. आईचा फोन वाजला, कोल्हापूरची उतरायची वेळ हुकली तर विमान तासभर देवसड्यालाच राहील म्हणे. आणि एक निळ्या शर्टातले काका, ज्यांना कोल्हापूरहून दिल्लीचं विमान गाठायचं होतं, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायला लागले, "अहो मॅडम, बैलगाडी परवडली! माझं पुढचं विमान गेलं तर भरून देणार का तुम्ही?"

"दोनच मिनिटं, सर," आई म्हणाली. बर्फ.

चार्जिंगची वायर निघाली. मी पुन्हा माझ्या जागेवर येऊन बसले, माणसं चढायला लागली. रोनाल्डदादा आपल्या खुर्चीत बसून, वेळ वाचावा म्हणून तिथूनच एकेक विचारायला लागला. आई शिडीच्या खालच्या पायरीवर, फोन कानाला.

"इंधन?"

"झालं."

"सामान?"

"झालं."

"टोपणं?"

"झालंच."

आणि तिने फोन खिशात टाकला आणि पाऊल खाली टाकलं, विमानाच्या नाकाकडे जायला. मी पाहिलं. खरंच जाणार होती. तेवढ्यात निळे काका शिडीशी आडवे आले. "मॅडम, माझी बॅग मागे का टाकली? त्यात औषधं आहेत!" आई वळली. बॅग काढून दिली, काकांना हात देऊन वर चढवलं, त्यांच्या मागोमाग स्वतः चढली, दार ओढलं, खुर्चीत बसली.

"सगळं झालं, मॅडम," रोनाल्डदादा म्हणाला.

"झालं," आई म्हणाली.

सासू हिरवी. पोपटासारखी हिरवी.

मी नंतर याबद्दल पुष्कळ वाचलं, म्हणून आता सांगू शकते. आपलं डोकं एखादं काम ठरवतं, तेव्हा त्याची एक खूण ठेवतं. केलं की दुसरी खूण. डोकं निवांत असेल तर दोन्ही वेगळ्या दिसतात. पण घाईत, त्यातही मध्येच कुणी अडवलं, तर ठरवल्याची खूणच केल्याची खूण वाटायला लागते. माणूस खोटं बोलत नसतो. त्याला मनापासून वाटत असतं, की झालं. आईच्या डोळ्यांसमोर ती टोपणं निघालेली होती.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र खुंटी होती. रिकामी.

विमान हललं. मी खिडकीला नाक लावलं, पण नाकाजवळची ती नळी तिथून दिसत नाही. कदाचित दुसऱ्या कुणी काढली असतील. कदाचित निघताना वेगळीकडे ठेवत असतील. मी ओरडले आणि टोपणं निघालेली असली तर? उशीर, तपासणी, लाल, आईची खुर्ची गेली, आणि ती माझ्यामुळे. घशात ती जुनी कुजबुज येऊन बसली, 'हजर' म्हणणारी. समीना नव्हती, हर्षला नव्हती, मागून ढोसायला कुणीच नव्हतं.

विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळलं. समोर काळी पट्टी, तिच्या शेवटी नुसतं आभाळ. आईचा हात इंजिनांचा जोर वाढवायच्या दांडीवर गेला.

"आई!" मी पट्टा सोडून उभी राहिले. "झालं की झालंच?"

"शर्वरी, खाली बस." तोच आवाज. मानही वळली नाही.

"ओ पोरी, बस की!" मागून निळे काका.

"आई, टोपणं! टोपणं झालं की झालंच?"

दांडीवरचा हात थांबला. मी आईची मान पाहत होते. ती आधी ताठ होती. मग एकदम तिथला घाम चमकला. तिने हळूच वळून खुंटीकडे पाहिलं.

"रोनाल्ड, थांबव थांबव थांबव, बंद कर, दोन्ही बंद कर!"

शब्द एकमेकांवर पडत होते. आवाज चढला होता, फाटला होता. माझी जुनी आई!

आणि तेव्हा, बरं का, तेव्हा सासू लाल झाली.

आई स्वतः खाली उतरली. परत आली तेव्हा तिच्या हातात लाल फितीची दोन टोपणं होती. एकावर ओल्या मातीचा ठिपका होता, कुंभारणीने तिथेच काम सुरू केलं होतं. आईने टोपणं खुंटीला अडकवली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा अडकली. मग सक्तीचा थांबा. सगळ्यांचे हात मांडीवर. निळ्या काकांचेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सगळ्या प्रवाशांना टिटवीकडून संदेश आला, मलाही आला. 'एका अल्पवयीन प्रवाशाच्या गैरवर्तनामुळे आपल्या उड्डाणास विलंब झाला, क्षमस्व.' त्या अल्पवयीन प्रवाशाला वर्षभर टिटवीच्या विमानात बंदी. आणि प्रवाशाच्या गोंधळामुळे झालेलं लाल धरत नाहीत, म्हणून ते लाल रद्द. आईची खुर्ची शाबूत.

"गैरवर्तन! नाद खुळा!" हर्षलाने मला रंकाळ्यावर भेळ खायला घातली. "आपल्यात कुणालाच नाही गं असलं काही मिळालं आजवर!"

मीही हसले. समीना मात्र भेळेतले दाणे वेगळे काढत बसली होती.

"शरू, एक विचारू? टिटवीची किती विमानं आहेत?"

"असतील तीसेक."

"मग बाकीच्यांत कोण ओरडणार?"

भेळ तशीच राहिली.

घरी आले तेव्हा आई ओट्याशी भेंडी चिरत होती आणि बाबा पेपर तपासत होते. मी सरळ विचारलं.

"आई, 'गैरवर्तन' तू लिहिलंस?"

"नाही. ऑपरेशन्सच्या साहेबांनी सुचवलं." संथ. गोड. "मी काही बोलले नाही."

"शरू, जरा दमानं," बाबा म्हणाले. "तिची अकरा वर्षांची नोकरी आहे."

"नोकरीचं नाही," आई म्हणाली. सुरी थांबली. "मला दुसरं काही येत नाही रे. टेबलावर बसवलं तर मी कोण?" मग पुन्हा तो घोषणेचा सूर. "आणि मी सांगणारच आहे त्यांना. खरं काय झालं ते. सांगितलंच समज."

बाबांनी पेन खाली ठेवलं. तो 'च' आईच्याही लक्षात आला असावा, कारण तिने ओठ मिटून घेतले.

"सांगितलं की सांगितलंच?" मी विचारलं.

तिने पुढची भेंडी उचलली.

"बरं, दुसरं विचारते. शाळेतलंच. तेव्हा अख्खी शाळा होती, आता आम्ही दोघंच आहोत. उडायच्या आधी तू कधी काही विसरलीस का?"

आईने बराच वेळ घेतला. इतका वेळ, की सासू असती तर तिला झोप लागली असती.

"हो," ती म्हणाली. "याआधीही. रोनाल्ड विसरलाय. सगळेच विसरतात, शरू. आधी निदान आवाजावरून कळायचं. समोरचा घाईत आहे हे आपल्याला ऐकू यायचं, मग आपण पुन्हा विचारायचो. आता सगळेच इतके शांत बोलतात, की कुणी कुणाला पुन्हा विचारतच नाही."

तिचा आवाज थरथरत होता. मला तिला मिठी मारायची होती. पण मिठी मारली असती तर मी विरघळले असते आणि सांगायचं राहून गेलं असतं.

"पुण्याला विमान सुरक्षेचं कार्यालय आहे," मी म्हणाले. "कुणीही जाऊन सांगू शकतं, मी आत्ता येता येता फोन करून विचारलंय. मी सोमवारी जाणार. मी गैरवर्तन करणारी प्रवासी नाही, मी तिथे असलेली माणूस आहे, आणि दिवा हिरवा असताना टोपणं तशीच होती हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तू विसरलीस हे सांगणारच, ते लपवून उपयोग नाही. पण तू कशामुळे विसरलीस तेही सांगणार. आणि तू थांबलीस, तेव्हाच ती बया लाल झाली, हेही."

"शरेऽऽ!"

अशी हाक, की वरच्या गॅलरीचं दार वाजलं. कुलकर्णीकाका! किती महिन्यांनी!

"तू एकटी पुण्याला जाणार? कुणाला विचारून? आणि ते काय तुझी वाट बघत बसलेत का, तुला काही कळतं का, अगं माझी—" आणि ती तिथेच अडकली. डोळे भरलेले, हातात भेंडी.

"एकटी नाही," मी म्हणाले. "तू आलीस तर तुझ्याबरोबर. तू आधी बोल, मी मागे बसेन, एक शब्द बोलणार नाही. तू नाही आलीस तर बाबांबरोबर. आणि बाबाही घाबरले, तर एसटीने. तसंही विमानात मला बंदीच आहे."

बाबांनी चष्मा काढला. आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे ठरलंच म्हणायचं तुझं?"

"ठरलंच नाही, बाबा," मी म्हणाले. "ठरलं."